दुपारची आई

सोमवार, २ सप्टेंबर

आलो एकदाच्या. मी, टिल्ली, चार खोकी, दोन बॅगा आणि एक टेबलफॅन, ज्याचं एक पातं टेम्पोतच तुटलं. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या, भरपूर उजेड. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना पुन्हापुन्हा बजावलं की बाथरूमचा नळ उजवीकडे नाही, डावीकडे फिरवायचा. टिल्लीने तो पहिल्या झटक्यात उजवीकडे फिरवला आणि आम्ही दोघी कपड्यांसकट भिजलो. किती महिन्यांनी एवढी हसले असेन कोण जाणे.

डायरी मुद्दाम नवी घेतली. वकीलबाई म्हणतात की सगळं लिहून ठेवत जा, कोर्टात कधी काय लागेल सांगता येत नाही. पण ही कोर्टासाठी नाही, माझ्यासाठी आहे. कोर्टाचं एवढंच लिहून विषय संपवते: टिल्ली वर्षभर माझ्याकडे, नंतर कायमचं ठरेल. न्यायाधीश म्हणाल्या की आईची नोकरी धावपळीची दिसते, मुलीकडे वेळच्या वेळी लक्ष दिलं जातं का ते पाहू या. त्या वेळी टिल्लीच्या बाबाने जो सोज्वळ चेहरा केला होता तो मी जन्मात विसरणार नाही. त्याला माझी एक चूक हवी आहे. ती मी त्याला देणार नाही.

टिल्ली खोक्यांच्या मधोमध सतरंजीवर झोपली आहे. उद्यापासून तिची नवी शाळा, परवापासून माझी नवी नोकरी.

बुधवार, ४ सप्टेंबर

ऑफिस गाद्यांच्या दुकानाच्या वर आहे. जिना चढताना नव्या कापसाचा वास येतो आणि वर पोचेपर्यंत झोप यायला लागते. कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर बनवते. शाळा सुटली की प्रत्येक मुलाचा एक मेसेज सर्व्हरवरच्या रांगेत लागतो. पालकाच्या फोनमधलं आमचं अ‍ॅप, ज्याला ऑफिसात सगळे क्लायंट म्हणतात, रांगेतून आपल्या मुलाचा मेसेज उचलतं आणि विचारतं की न्यायला आलात का. पालकाने ‘आले’ दाबलं की त्याची पोच जाते, गेटवरच्या स्क्रीनवर मुलाचं नाव हिरवं होतं आणि मूल बाहेर सोडलं जातं. नव्वद सेकंदांत पोच आली नाही तर टाइमआउट. मेसेज परत रांगेत, परत विचारणा. असं तीनदा झालं की मूल शाळेच्या ऑफिसातल्या बाकावर जाऊन बसतं, आणि आईबाप दोघांनाही कळवलं जातं की तुमच्या मुलाला न्यायला कोणी आलेलं नाही.

दोघांनाही. आणि टिल्लीच्या शाळेतही हेच अ‍ॅप आहे.

माझ्याकडे काम आहे ते या टाइमआउटचं. भिंतीवर मोठा बोर्ड आहे, त्यावर दिवसभराचे टाइमआउट लाल रंगात दिसतात. बहुतेक पालक प्रत्यक्षात गेटवरच असतात. हातात पिशव्या, कडेवर दुसरं मूल, त्यात नेटवर्कची बोंब. बोटाने बटण दाबलेलं असतं, पण पोच पोचेपर्यंत मुदत संपते आणि आई समोर उभी असताना पोर बाकावर जाऊन रडत बसतं. साहेबांच्या तोंडून ‘बोर्ड’ हा शब्द आज मी इतक्यांदा ऐकला की मला वाटलं ही शाळांची नाही, बोर्डांचीच कंपनी असावी.

साहेब माणूस तसा बरा. साडेतीनला टिल्लीला घ्यायचं आणि उरलेलं काम घरून करायचं, हे त्यांनी लगेच मान्य केलं. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाला बसतो, त्याला सगळे दाढीच म्हणतात. त्याचा मुलगा टिल्लीच्याच शाळेत, दोन वर्ग पुढे आहे. दाढीने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की इथे काम कमी आणि बोर्डाची सेवा जास्त.

सोमवार, ९ सप्टेंबर

दुखणं सापडलं. क्लायंटला फक्त दोनच गोष्टी कळतात: उत्तर आलं आणि उत्तर आलं नाही. उशीर होणं आणि न येणं यांत फरक असतो, हे त्याला कोणी शिकवलंच नाही. माझ्या नवऱ्यालाही ते कधी कळलं नव्हतं, पण तो निदान स्वतःला प्रोग्रॅम म्हणवत नव्हता.

उपाय अवघड नाही. पालक वाटेत असेल तर क्लायंटने अधूनमधून ‘येतेय, थांबा’ असा निरोप सर्व्हरला द्यायचा आणि मुदत वाढवून घ्यायची. निरोपही थांबला तरच तो माणूस येत नाहीये असं धरायचं. दाढीला दाखवलं. तो म्हणाला की फारच माणसासारखं वागवते आहेस तू मशीनला. मला आवडलं ते.

टिल्लीचं नव्या शाळेत छान चाललंय. गेटवरच्या मावशी कडक आहेत, स्क्रीन हिरवी झाल्याशिवाय राजाच्या पोरालाही सोडणार नाहीत. मला तर हायसं वाटतं. टिल्ली मला लांबून बघते आणि दप्तर आपटत धावत येते. दिवसातली तेवढी पाच मिनिटं माझी असतात.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

माझा उपाय साहेबांना पसंत नाही. मुदत वाढवली तर मुलं गेटवर जास्त वेळ उभी राहतात, शाळांना ते नको आहे. मग त्यांनी स्वतःचा उपाय सांगितला. मुदत संपत आली की क्लायंटनेच ‘आले’ म्हणून टाकायचं. शेवटी आईबाप येतातच ना, असं ते म्हणाले, आणि बोर्ड हिरवागार.

मी सांगितलं की काम व्हायच्या आधी काम झालं म्हणायचं, याला आमच्याकडे सरळ खोटं बोलणं म्हणतात. सर्व्हर त्या शब्दावर विश्वास ठेवतो. तो पुन्हा कोणाला विचारत नाही. पोर गेटबाहेर सोडलं जाईल आणि तिथे कोणीही नसेल. साहेब हसले आणि म्हणाले की चाचणी तर घ्या, तुमच्या स्वतःच्या फोनवर घ्या.

दोन ओळींचा बदल होता. लिहिला, माझ्या फोनवर चढवला आणि बंद करून ठेवला. चाचणी घेतली नाही. माझं डोकं अजून ठिकाणावर आहे.

बुधवार, १८ सप्टेंबर

आज काय झालं ते शांतपणे लिहिते.

साहेबांनी तीनला बैठक बोलावली. मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं आली होती आणि टाइमआउटवर बोलायला मीच हवी होते. मी घड्याळ बघत होते, साहेब मला डोळ्यांनी दटावत होते. साडेतीनला मांडीवरचा फोन थरथरला: न्यायला आलात का? ‘आले’ दाबलं नाही. खोटं कसं बोलणार? मुदत संपली. परत आलं. परत संपली. तिसऱ्यांदा संपली की टिल्लीच्या बाबाला कळणार होतं आणि त्याच्या वकिलाला तेवढं पुरे होतं. मी टेबलाखाली हात घालून ते दोन ओळींचं बटण चालू केलं. वाटलं, सर्व्हरला गप्प करू, दहा मिनिटांत पळत जाऊन पोचू. फोन म्हणाला, ‘आले’. मी बोलले नव्हते, तो बोलला.

दहाची चाळीस मिनिटं झाली. गेट बंद, अंगण रिकामं. मावशी कुलूप लावत होत्या. त्या म्हणाल्या की हे काय, तुम्हीच तर नेलंत मघाशी. आणि हसून म्हणाल्या की गुडघ्याला आता बरं आहे, तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. मी त्यांच्या गुडघ्याची चौकशी कधीच केलेली नाही. त्यांचा गुडघा दुखतो हेही मला माहीत नव्हतं.

धावत घरी आले. दार टिल्लीने उघडलं. गृहपाठ झालेला, भांडी घासून पालथी घातलेली, आणि तिच्या केसांच्या दोन घट्ट, सारख्या वेण्या. मला कधी सारख्या जमत नाहीत. घरी कोणी आणलं म्हणून विचारलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली की तूच.

शुक्रवार, २० सप्टेंबर

बटण त्याच संध्याकाळी बंद केलं. काल आणि आज स्वतः वेळेवर गेले, टिल्लीला घेऊन आले, सगळं ठीक.

मी मूर्ख नाही. टिल्लीच्या बाबाची बहीण साधारण माझ्याच बांध्याची आहे. हा त्यांचाच डाव असणार, मला गाफील पकडायचा. पण मग घराची किल्ली कुठून आली? आणि त्याला विचारणार कसं? विचारलं की कबूल होतं की बुधवारी मी गेटवर नव्हते. असा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. कुलूप बदलून घेतलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

ऑफिसात पाऊल टाकलं तर सगळे टाळ्या वाजवत होते. बोर्ड हिरवा. एकही लाल आकडा नाही. साहेबांनी केक कापला आणि पहिला तुकडा माझ्या हातात ठेवला. माझ्या त्या दोन ओळी त्यांनी शनिवारी सगळ्या शाळांच्या सगळ्या फोनांवर चढवल्या होत्या. मला न विचारता.

मी केक टेबलावर आपटला. म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढा. ते अगदी शांत होते. म्हणाले की एक तक्रार दाखवा. एक पोर हरवलेलं दाखवा. सगळी मुलं वेळेवर घरी पोचतायत, सगळे पालक खूश आहेत, तुम्हीच काय ते तोंड पाडून बसलाय.

आणि खरंच तक्रार नाही. मी दिवसभर शोधली. दुपारी निघताना जिन्यात मला एकदम कळलं की तक्रार का नाही. प्रत्येकाला वाटतंय की आपण वेळेवर गेलो नव्हतो हे फक्त आपल्यालाच माहीत आहे. घरी पोर आलेलं आहे. मग कोण कशाला तोंड उघडेल? मीही उघडलेलं नाही.

दाढी खुशीत आहे. त्याची बायको म्हणे म्हणते की आजकाल सुधारलात हो, रोज मुलाला आणता. तो हसत होता. तो रोज सहापर्यंत ऑफिसातच बसलेला असतो.

सोमवार, ३० सप्टेंबर

साडेतीनच्या आधी गेटवर होते. फोन हातात, बटण बंद, बोट तयार. घंटा झाली. फोनने मला विचारलंच नाही. मावशींची स्क्रीन हिरवी झाली आणि गर्दीपलीकडे, गल्लीच्या टोकाला, टिल्ली एका बाईचा हात धरून वळताना दिसली.

पाठमोरी. निळा कुर्ता, माझा, सकाळी मी दोरीवर वाळत घातलेला. ती घाई करत नव्हती. टिल्ली तिला काहीतरी सांगत होती आणि ती मान वाकवून ऐकत होती.

माणसांना ढकलत धावले. वळणावर कोणी नाही. घराचं नवं कुलूप उघडं होतं. टिल्ली खिडकीशी बसून चित्र काढत होती. मला बघून म्हणाली की आई, तू परत बाहेर कशाला गेलीस? दोरीवरचा कुर्ता जिथल्या तिथे होता. ओला.

मला भीती वाटते. हे स्वच्छ लिहून ठेवते. भर दुपारी, उन्हात, माणसांच्या गर्दीत मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

टिल्लीला जवळ घेऊन विचारलं. ती ताकास तूर लागू देईना. शेवटी म्हणाली की दुपारची आई आणि संध्याकाळची आई वेगळ्या असतात ना. जणू सगळ्यांच्या घरी असंच असतं. दुपारची आई हळू बोलते. तिचा फोन वाजत नाही. ती वेणी घालताना केस ओढत नाही. तिला विचारलेलं सगळं ती लगेच सांगते, थांब गं जरा, असं म्हणत नाही.

मग मला वाईट वाटलं असावं असं वाटून तिने माझ्या गालावर हात ठेवला. म्हणाली की तू पण छान आहेस.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

सर्व्हरवरून माझं खातं पुसलं. नवीन काढलं. सगळ्या फोनांवरच्या त्या दोन ओळी साहेबांच्या परवानगीशिवाय काढल्या. नोकरी गेली तर जाऊ दे. मुदतीत उत्तर नाही तर टाइमआउट, जसं होतं तसं.

बोर्ड हिरवाच.

क्लायंट आता खोटं बोलत नाही. तरी पोच येते. घंटा व्हायच्या आधी येते. विचारायच्या आधी कोणीतरी ‘आले’ म्हणून मोकळं होतं. मी रांगेतून टिल्लीचा मेसेज स्वतः उचलायला गेले, हाताने, सर्व्हरवर बसून. उत्तर आलं: हे काम आता तुमच्याकडे नाही.

हे वाक्य मीच लिहिलेलं आहे. उशिरा आलेल्या पोचेला द्यायचं उत्तर. पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं, फार विचार न करता.

आम्ही सर्व्हरला म्हणालो होतो की कोणीतरी आलंय. कितीदा म्हणालो. मग कोणीतरी आलं. आता आमच्या म्हणण्याची गरज उरली नाही.

दाढी घरी जात नाही. त्याने आज सांगितलं. शुक्रवारी लवकर घरी गेला, तर जेवणाच्या टेबलावर तिघंजण बसलेले. बायको, मुलगा आणि तो. बायकोने दारात येऊन नम्रपणे विचारलं की कोण पाहिजे? तो सॉरी म्हणाला आणि जिना उतरला. मी विचारलं की सॉरी का म्हणालास? तो म्हणाला की त्यांचं जेवण चाललं होतं.

गुरुवार, १० ऑक्टोबर

टिल्लीच्या बाबाचा फोन. आवाज इतका मऊ की मी क्षणभर ओळखला नाही. तो म्हणाला की दोन आठवडे तो शाळेसमोर गाडी लावून बघत होता. मला पकडायला, हे त्याने कबूल केलं. म्हणाला की तू एक दिवस चुकली नाहीस. घंटेच्या आत हजर. पोर तुझ्याबरोबर किती खूश असते. मी तुला ओळखलंच नव्हतं. तो दावा मागे घेतोय. टिल्ली कायमची आईकडे.

आईकडे.

मी सांगितलं असतं की ती मी नाही. दोन आठवडे मी तुझ्या मागेच गर्दीत उभी होते, धापा टाकत. पण सांगितलं तर काय? मी वेड्यांच्या इस्पितळात आणि टिल्ली त्याच्याकडे. नाही सांगितलं तर टिल्ली तिच्याकडे.

मी थँक यू म्हणाले. ज्या शब्दांसाठी वर्षभर जीव टांगणीला लावला ते ऐकून मी त्याला थँक यू म्हणाले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

कागदांवर सही करायला वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या की अहो, तुम्ही दुपारीच तर करून गेलात.

सही दाखवली. माझीच. फक्त जास्त सुबक.

राजीनामा दिला. साहेबांनी विचारलं की आपण कोणत्या विभागात? मला वाटलं चिडून बोलतायत. चिडलेले नव्हते.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

घरी पोचले तेव्हा उजेड होता. आतून बोलणं ऐकू येत होतं. टिल्लीचं, आणि माझं. मी कुठलीतरी गोष्ट सांगत होते, ससा आणि विहिरीची. मला ती गोष्ट येत नाही.

बेल वाजवली. बोलणं थांबलं. दार साखळी लावून उघडलं. टिल्लीने खालून वर पाहिलं. मग साखळी काढली. आत कोणी नव्हतं. ओट्यावर दोन ताटं, धुतलेली—

ती माझ्याशी नीट वागते. पाणी आणून दिलं. पाहुण्यांना देतात तसं, खाली बशी धरून.

बुधवार, १६ ऑक्टोबर

विचारलं की तू किती वाजता जाणार.

रागाने नाही विचारलं. आई यायच्या आत जाशील ना, एवढंच—

मी तिला उचलून पळून जाणार होते. बॅग भरली होती. हात धरला तर ती किंचाळली नाही, रडली नाही. अंग ताठ करून उभी राहिली. अनोळखी माणसाने धरल्यावर मुलं जशी—

सोडला.

रात्री माझ्या उशीला माझा वास नव्हता.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

शाळेसमोरच्या कठड्यावर बसून लिहितेय. सकाळपासून इथेच आहे.

एवढं सोपं आहे ते. आधी पोचायचं. तिच्या आधी. एकदा, फक्त एकदा मी मुदतीत—

फोनमध्ये अ‍ॅप उघडत नाही. खातं नाही म्हणतो. नसू दे. मी समोर आहे. हाडामांसाची. मावशी माणूस आहेत, स्क्रीन नाहीत, माझं तोंड बघून सोडतील.

घंटा झाली.

आली. पहिली आली बाहेर, दोन वेण्या, दप्तर. मी उठले, हात केला. तिने पाहिलं. ओळखलं तिने, खरंच ओळखलं, हसली सुद्धा. पण पायरी उतरली नाही. म्हणाली की तू संध्याकाळी ये ना. आत्ता आई येतेय.

गल्लीच्या टोकाला निळं दिसतंय. चालत येतेय. घाई नाही तिला. कशाला असेल—

मावशी आल्यात. दोन पोरांना मागे सारून माझ्यासमोर उभ्या राहिल्यात, गेट आणि मी यांच्यामध्ये. म्हणतात की बाई, कोणाच्या तुम्ही? कुठल्या मुलाला न्यायला आलात? मी म्हटलं, माझ्या मुलीला, ती बघा, ती. त्या म्हणाल्या की ती कोण, नाव सांगा, नावाशिवाय मी कोणालाही सोडत नाही.

सांगते म्हटलं. जिभेवरच आहे, आत्ता आठवेल. पाणी द्या. नको, वेळ नाही, ती आली जवळ, पोर पायऱ्या उतरतेय— लिहून दाखवते, थांबा, वहीतच लिहून देते, मोठ्या अक्षरात, मी ठेवलंय ते नाव, मी. माझ्या मुलीचं नाव